ऑफिसात चर्चा न होणारा डबा

जुळे सोलापुरातल्या एका मावशींचा ज्वारीच्या भाकरीचा डबा मी गेल्या पावसाळ्यापासून लावलाय. पाटी नाही, नाव नाही, फोनवरच्या नकाशात शोधून सापडायचा नाही. आमच्या बँकेतल्या शिपाईमामांच्या ओळखीने मिळाला. महिन्याचे २,२०० रुपये, तेही आगाऊ. रविवार आणि बँकेच्या सुट्ट्या सोडून. दोन भाकऱ्या, एक कोरडी भाजी, एक पातळ भाजी नाहीतर आमटी, काकडी-गाजर-मुळा असं काहीतरी कच्चं, आणि शेंगाचटणी. भात हवा असेल तर तीनशे जास्त. मी घेत नाही.

मी काउंटरला बसते. वार्षिक तपासणीत माझं एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, थोडं वजन उतरवायला सांगितलं, ताटात भात-पोळी कमी आणि भाजी-डाळ जास्त करायला सांगितली. सांगितलं मला एकटीला. पण बँकेत जेवायला एकच टेबल आहे, त्यामुळे डबा उघडला की रिपोर्ट उघडल्यासारखंच.

आधी मी एका कंपनीचं तयार ‘डाएट मील’ मागवत होते. पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, वर हिरवं स्टिकर: ‘वेट लॉस’, खाली कॅलरीचा आकडा. आत गार ब्रोकोली, मक्याचे दाणे, पनीरचे चार तुकडे आणि कसलंसं पांढरं सॉस. चव जाऊ द्या. वैताग त्या स्टिकरचा. टेबलावरचा प्रत्येक जण ते मोठ्याने वाचायचा. कॅशमधले सर म्हणायचे, “मॅडम, घरी शेळी पाळलीय काय? तिचं उरलेलं आणता होय?” कर्ज विभागातली मैत्रीण काळजीने सांगायची की तिच्या नणंदेने हेच केलं आणि मूठभर केस गळले. एक साहेब तर सरळच, “या वयात आता कुणाला दाखवायचंय?” जरा वजन उतरल्यावर सूर बदलला: “बारीक झालात हो, पण चेहरा पार उतरला. सगळं ठीक आहे ना घरी?” वजन होतं तेव्हाही बोलत होते, गेलं तरी बोलतात. आणि चार वाजता पोटात कावळे ओरडायला लागले की समोरच्या गाड्यावरचा वडा. त्यावर मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही.

मावशींचा डबा स्टीलचा, चार पुडाचा, कुणाच्याही घरून आल्यासारखा. म्हणून त्यावर चर्चा होत नाही. माझ्या हिशेबी हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. सोलापुरात भाकरी खाणाऱ्याला ‘डाएट करता का’ असं कोण विचारणार? उलट सगळ्यांचे हात चटणीकडे येतात.

आता जेवणाबद्दल. ज्वारी मालदांडी वाणाची, त्यांच्या भावाच्या शेतातली, मंगळवेढ्याकडची. (मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, हे त्या स्वतःहून सांगतात, दर महिन्याला.) भाकरी थापलेली, पातळ. डब्याला ती बहुतेकदा वातड होते, कारण गरमच कोंबली की वाफ धरते. मावशी सुती फडक्यावर वाफ जाईपर्यंत ठेवतात, मग त्याच फडक्यात गुंडाळून डब्यात घालतात. पावणेदोनला उघडला तरी वरचा पापुद्रा बोटाने अलगद सुटतो आणि खालची बाजू रश्शात बुडवली तरी भसकन विरघळत नाही. शनिवारी कडक भाकरी असते, ती आमटीत चुरून खायची. त्या दिवशी वाटी मोठी देतात, एवढं भान त्यांना आहे.

भाज्यांत हात मोकळा. मेथीची पातळ भाजी, मटकीची उसळ, हुलग्याचं पिठलं, अंबाडी, खारं वांगं. हुलग्याचं पिठलं इतर कुठल्या डबेवाल्याकडे मी बघितलेलं नाही. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरे, वांगी, गाजर, शेंगदाणे घातलेली मिसळीची भाजी आली, तेव्हा टेबलावरच्या निम्म्या लोकांनी आपापल्या पोळ्या पुढे सरकवून अदलाबदलीचे भाव विचारले.

उणी बाजू आहेच. आमटीवर तर्री बोटभर असते. तेल कमी करा म्हटलं तर मावशी म्हणाल्या, “मग त्याला आमटी का म्हणायचं ताई, वरण म्हणा की.” मी आता वरचं तेल चमच्याने काढून ठेवते. चटणी भरपूर देतात, आणि शेंगदाण्याचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं, हे चार चमचे खाणाऱ्याने ध्यानात ठेवावं. एकादशीला भाकरीऐवजी साबुदाण्याची खिचडी येते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, माझ्यासारखीच्या साखरेला वाईटच. त्या दिवशी मी डबा बंद ठेवते, पण त्याचे पैसे वळते होत नाहीत. आमटीच्या पुडाचं झाकण सैल आहे, पिशवीत खाली जुनं वर्तमानपत्र ठेवा.

आणखी एक सांगते, कारण टेबलावर हा वाद रोज होतो. “ज्वारी किती पण खा, साखर वाढत नाही” हे खरं नाही. ज्वारीच्या पिठात पिष्ट आणि कॅलरी गव्हाच्या जवळपासच असतात. फायदा झालाय तो दोनच भाकऱ्या आणि त्यासोबत कोरडी भाजी, पातळ भाजी नाहीतर आमटी असं ताट आयतं समोर येण्याचा. हे मी एकदा बोलून दाखवलं, तर लगेच दोन पक्ष पडले. आमच्याकडे हे पक्ष जुनेच आहेत: काही जण डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे, दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांत जेवणारे. काही ऋजुता दिवेकरांचे, थोडं थोडं खाणारे आणि वर तूप घेणारे. दोन्ही पक्ष पेढ्याच्या बाबतीत मात्र एक होतात.

पेढा हा खरा प्रश्न, आणि तो कुठल्याच डब्याने सुटत नाही. बढती, बदली, नातू, नवी गाडी, कशालाही पेढे. “नको” म्हटलं की “एकाने काय होतंय”. “डॉक्टरांनी सांगितलंय” म्हटलं की उलटतपासणी: कोण डॉक्टर, किती शुगर, गोळी चालू केली का? मग मेथीचे दाणे, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, ज्याला जे ठाऊक ते. मी आता “वा, अभिनंदन!” म्हणते, पेढा कागदात घेते आणि “आत्ताच भाकरी झालीय, चारला खाते” असं सांगते. चारला कुणी बघायला येत नाही. पेढा मामांच्या नातीला जातो.

मुख्य कार्यालयाने मध्ये चालण्याची स्पर्धाही काढली होती, रोज १०,००० पावलं, ॲपवर नोंद. हा आकडा मुळात १९६५च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकताना रूढ झाला, वैद्यकातून आलेला नाही. आमचे एक सर खुर्चीत बसून फोन हलवत हलवत दुसरे आले. मी सकाळी कंबर तलावाकडे चालते, ते कुठेच टाकत नाही. टाकलं की दुसऱ्या दिवशी “काल कमी झालं वाटतं?” सुरू.

पुढच्या तपासणीत आकडा ५.८ आला. एकट्या डब्याचं श्रेय नाही, चालणं आहे, रात्रीचा भात सोडलाय. पण दुपारी पोट भरलं की चारचा वडा आपोआप सुटतो, ते मावशींच्या खात्यात.

चवीला पाचात साडेचार, वेळेला चार (मंगळवारी बाजारामुळे उशीर होतो), तेलाला दोन. लावायचा असेल तर गड्ड्याच्या यात्रेआधी (जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा) सांगा, त्या दिवसांत मावशी नवीन गिऱ्हाईक घेत नाहीत. लसूण चालत नसेल तर पहिल्याच दिवशी बोला. नंतर सांगितलं की त्या ऐकतात, पण विसरतात.