मुलींच्या उच्च शिक्षणाची शुल्कमाफी : शुल्काच्या पावतीवरून केलेले परीक्षण

महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुलींसाठी जी संपूर्ण शुल्कमाफी लागू केली, तिचा अनुभव आमच्या घराने त्याच वर्षी घेतला, कारण माझ्या पुतणीचा अभियांत्रिकीचा प्रवेश नेमका त्या पावसाळ्यात झाला. योजनेविषयी जाहिराती पुष्कळ झाल्या. परंतु आपल्या मुलीच्या हातात शेवटी काय पडते, हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्या पालकांसाठी हे परीक्षण लिहीत आहे.

योजनेचे स्वरूप थोडक्यात सांगतो. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपये किंवा त्याहून कमी आहे, अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात पूर्वी ५० टक्के सवलत मिळत असे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून ती १०० टक्के झाली. शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित महाविद्यालये तसेच सार्वजनिक विद्यापीठे यांना ती लागू आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे शासनाच्या सामाईक प्रवेश फेऱ्यांतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील (महाविद्यालय स्वतः भरते त्या) जागेला आणि खासगी विद्यापीठातील प्रवेशाला ही सवलत नाही, आणि हे माहीत नसल्यामुळे फसलेले पालक मी पाहिले आहेत.

योजनेचे खरे मोल मला विनाअनुदानित महाविद्यालयात दिसले. शासकीय महाविद्यालयाचे शुल्क तुलनेने कमी असते आणि त्यातले निम्मे भरणे अनेक घरांना कसेबसे जमते. परंतु तेथे जागा मोजक्या असतात, आणि ज्या मुलीचा क्रमांक तेथे लागत नाही तिच्यासमोर विनाअनुदानित महाविद्यालयाचे शुल्क उभे राहते. त्या शुल्काचा निम्मा भागही आमच्यासारख्या कोरडवाहू शेतीच्या घराला पेलणारा नव्हता. पुतणीला जवळच्या महाविद्यालयात साध्या पदवीला घालावे आणि माझ्या थोरल्या भावाने पुढच्या वर्षी विहिरीचे काम काढावे, असे आमच्या घरात जवळजवळ ठरले होते. शासन निर्णय आला आणि ते बोलणे तिथेच थांबले. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या योजनेला मनापासून चांगले म्हणतो.

आता पावतीकडे येतो, कारण योजनेची परीक्षा तेथेच होते. पुतणीच्या पावतीवर शिक्षण शुल्काच्या ओळीसमोर शून्य होते, पण त्याखाली विकास शुल्क, अनामत, ग्रंथालय, जिमखाना, विमा अशा ओळी होत्या आणि त्यांची बेरीज पंधरा हजारांच्या पुढे गेली. ही रक्कम माफीत येत नाही. त्यात वसतिगृह, खानावळ, ड्रॉईंगचे साहित्य आणि गावाहून येण्याजाण्याचा खर्च मिळवला, तर ‘मोफत शिक्षण’ या शब्दांवर विसंबून रिकाम्या हाताने प्रवेशाला गेलेल्या पालकाची कशी अवस्था होत असेल, याची कल्पना यावी. निवासाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिचा अर्ज वेगळा करावा लागतो.

पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी माफ झालेले शुल्क घेऊ नये, अशा सूचना शासनाने महाविद्यालयांना दिलेल्या आहेत. तरीही आम्ही ज्या महाविद्यालयात गेलो, तेथील खिडकीवर ‘आधी सगळे भरा, शासनाकडून आले की परत देऊ’ असेच उत्तर मिळाले. थोरल्याने पिशवीतून शासन निर्णयाची प्रत काढली, ओळीखाली पेनने रेघ मारून ती खिडकीतून आत सरकवली आणि ‘साहेब, एवढे वाचून बघा’ एवढेच म्हणाला. तासाभराने हमीपत्रावर प्रवेश झाला. आमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या एका आईजवळ ती प्रत नव्हती, आणि तिने गळ्यातील पोत मोडून आणलेले पैसे आम्ही बोलेपर्यंत मोजूनही दिले होते. योजनेतील सर्वांत मोठे वैगुण्य मी यालाच मानतो : हक्क कायम असला, तरी तो मागण्याचे ओझे ज्याला सर्वांत कमी माहिती आहे त्याच्याच डोक्यावर येते.

अर्जाचे काम महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती-अर्जांच्या संकेतस्थळावर होते. अर्ज प्रथम महाविद्यालयाच्या आणि नंतर विभागाच्या तपासणीतून जातो, आणि तो कोठे थांबला आहे हे विद्यार्थिनीला स्वतः पाहता येते, ही चांगली सोय आहे. पैसे आधारशी संलग्न खात्यातच जमा होतात. सर्वांत शेवटी ज्या बँकेत आधार जोडले तेच खाते धरले जाते, म्हणून एकाहून अधिक खाती असलेल्या मुलींनी बँकेत जाऊन खात्री करून घ्यावी. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि प्रवर्गाची प्रमाणपत्रे बारावीचा निकाल लागण्यापूर्वीच काढून ठेवावीत, कारण जूनमध्ये सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्या वर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते, आणि ते विसरल्यामुळे पुतणीच्या खोलीतील एका मुलीचा अर्ज मागे पडला.

पुतणी आता नियमित शिकत आहे. तिचा धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे आणि त्यालाही अभियांत्रिकीलाच जायचे आहे. घर तेच, शेत तेच, उत्पन्नाचा दाखलाही तोच. परंतु मुलगा असल्यामुळे त्याला सवलत निम्म्या शुल्काचीच मिळेल, आणि उरलेल्या निम्म्याची जुळवाजुळव थोरल्याने आतापासूनच सुरू केली आहे.