आठ इंची दुर्बीण, ३४,७४९ रुपये आणि काल रात्रीचा शनी

आधीच सांगतो, मी काही अगदीच बावळट माणूस नाही. बावीस वर्षं अकाउंट्सला आहे, रोज लोकांची बिलं तपासतो, जीएसटी नंबरात एक आकडा इकडचा तिकडे दिसला तरी बिल परत पाठवतो, ऑफिसात मागे मला खडूस म्हणतात ते माहितीये. हे सगळं आधी लिहितोय कारण पुढचं वाचून तुम्ही हसणार आहात. हसा. पण वाचा, कारण आपल्या आकाशवेड्या मंडळींना कुठे पकडायचं हे या लोकांना आता बरोब्बर कळलंय.

मला हा नाद १९९७ पासून. हेल-बॉप धूमकेतू आला तेव्हा कॉलेजात होतो, ठाण्यात गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसायचा तो, शेपटीसकट, आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. तेव्हापासून दुर्बीण घ्यायची, घ्यायची, करत २८ वर्षं गेली. आधी घराचा हप्ता, मग मुलीची शाळा, मग अजून काय काय. माझ्याकडे फक्त एक १० बाय ५० ची बायनॉक्युलर. अमावास्येच्या जवळपासचा शनिवार गाठून चार लोकांबरोबर वांगणीला जायचं, आकाशदर्शनात दुसऱ्याच्या स्कोपला डोळा लावायचा आणि आपला नंबर संपला की बाजूला व्हायचं.

२०२५ च्या ७ सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण होतं ना, रात्री अकरा ते बारा बावीस, तेव्हा सोसायटीची पंधरावीस पोरं गच्चीवर जमवली होती. ढगच ढग, मधेच एखादी फट मिळाली की लालसर चंद्र, परत ढग. तर वेळ काढायला मी त्यांना शनीचं सांगत बसलो. की बाळांनो, यंदा शनीची कडी दिसणार नाहीत म्हटलं तरी चालेल, कारण मार्चमध्ये पृथ्वी त्या कड्यांच्या पातळीतून गेली, आपण ती धारेवरून बघतोय, ताट आडवं धरून कडेकडून बघावं तसं. १६१२ साली गॅलिलिओलाही असंच दिसेनासं झालं होतं आणि तो चक्रावला होता. पोरं खूश. त्यातला एक म्हणाला, "काका, तुमच्याकडे टेलिस्कोप नाहीये?" लागलं ते मला, खोटं कशाला बोलू.

हा गच्चीवरचा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२४ सप्टेंबरला, नवरात्र चालू होतं, जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर जाहिरात दिसली. आठ इंची डॉबसोनियन (म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, आरसा आठ इंच रुंद), फोकल लेंथ १२०० मिमी, दोन आयपीस म्हणजे डोळा लावायची भिंगं, लोकेशन खारघर, किंमत ३१,०००. नवी घ्यायला गेलं तर पन्नास-साठ हजारांच्या खाली बोलायचं नाही. आठ इंच म्हणजे डोळ्याच्या बाहुलीपेक्षा आठशे पट प्रकाश, मृग नक्षत्रातला तेजोमेघ काय दिसेल त्यातून! ऑफिसातल्या ऑफिसात मेसेज केला.

माणूस गोड. "सर" शिवाय बोलणं नाही. म्हणाला मी इस्रोत आहे, अहमदाबादला बदली झालीये, फ्लॅट रिकामा करतोय. आणि न मागता आयकार्डाचा फोटो पाठवला. आता मिलिटरीवाला बनून फ्रिज विकणाऱ्यांच्या गोष्टी आपण सगळ्यांनी वाचल्यात, मी स्वतः घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड केल्यात, पण इस्रो म्हटलं की आपलं काळीज विरघळतं हो. मी त्याला चांद्रयानाबद्दल विचारत बसलो! २३ ऑगस्टला लँडिंगच्या वेळी तुम्ही कुठे होतात वगैरे. तो म्हणाला, "सर ते कॉन्फिडेन्शियल असतं." मला तेही भारी वाटलं. अख्ख्या देशाने सहा वाजून चार मिनिटांनी टीव्हीवर लाइव्ह बघितलं त्यात काय डोंबलाचं कॉन्फिडेन्शियल.

मग मी जरा तज्ज्ञगिरी केली. विचारलं, कोलिमेशन शेवटचं कधी केलं होतंत? उत्तर आलं, "कोलिमेशन बॉक्समध्ये आहे सर, सोबतच देतो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोलिमेशन म्हणजे आतले दोन्ही आरसे एका रेषेत जुळवणं. ती काही वस्तू नाही. चहाला उकळी कधी आणलीत विचारावं आणि समोरच्याने उकळी डब्यात आहे म्हणावं, तसं झालं हे. आणि मी काय केलं? मी त्याच्या वतीने स्वतःलाच समजावलं की लेझर कोलिमेटर म्हणायचं असेल, घाईत टाइप करतोय बिचारा. वर तो म्हणाला ६७५ पट मोठं दिसतं. आठ इंचीला कागदावर चारशेच्या पुढे जाण्यात अर्थ नसतो आणि आपल्या ठाण्याच्या हवेत दीड-दोनशेच्या वर नुसता शिरा दिसतो. म्हटलं जाऊ दे, विकायचं म्हणून बोलतोय.

आणि आता ते. २६ तारखेला, शुक्रवारी रात्री फोटो आला. "सर, काल रात्रीचा शनी, याच टेलिस्कोपमधून."

कडी पूर्ण उघडलेली. रुंद, झळझळीत, दोन कड्यांच्या मधली, कॅसिनीची म्हणतात ती काळी फट रेघ मारल्यासारखी स्पष्ट.

सप्टेंबर २०२५ मध्ये! ज्या कड्यांचं यंदा जेमतेम सुईएवढं दिसतंय म्हणून मी एकोणीस दिवसांपूर्वी पंधरा पोरांना ताट आडवं धरून दाखवलं होतं ती कडी! बरं, काल रात्री म्हणे. काल रात्री ठाण्यात आभाळ गच्च भरलेलं, आणि खारघर काय लडाखला आहे काय? आणि मी त्याला रिप्लाय काय दिला ते अजून चॅटमध्ये आहे, पुसलेलं नाही मी मुद्दाम: "वा!! कॅसिनी गॅप पण दिसतेय!!" पुढे तीन टाळ्या.

या एका फोटोवर मी किती रात्री झोपलो नाही ते बायकोला विचारा. पैसे गेले त्याचं दुःख एक, पण जगात एकच गोष्ट मला चार लोकांपेक्षा जास्त कळते असा समज होता आणि नेमकी तीच समोर धरल्यावर मला दिसली नाही. नंतर गुगल लेन्सला तो फोटो टाकला, तीन सेकंदांत सापडला, कुणा परदेशी हौशी माणसाने २०१८ साली काढलेला, तेव्हा कडी मस्त उघडी होती. तीन सेकंद. फोटो आला की आधी लेन्सला टाका, कौतुक नंतर.

पुढचं रामायण सगळ्यांना पाठ आहे, म्हणून पटकन सांगतो. मी म्हटलं रविवारी येऊन बघतो. म्हणाला या की सर, चहा घेऊ. शनिवारी संध्याकाळी फोन, डोंबिवलीचा एक जण ३५ द्यायला तयार आहे, पण तुम्ही खरे शौकीन वाटता, टोकन टाका. टाकले ३,०००. यूपीआयवर नाव भलतंच आलं, म्हणे मेहुण्याचा नंबर आहे. रविवारी पाऊस इतका की घराबाहेर पडायची सोय नव्हती, आणि त्याने तेवढ्यात सामान मूव्हर्सवाल्यांकडे कळंबोलीला गोडाऊनला गेलं म्हणून सांगितलं. सोमवारी निम्मे पूर्ण करा म्हणून १२,५००. मंगळवारी ट्रान्सपोर्टवाला म्हणून दुसऱ्याच माणसाचा फोन, इन्शुरन्सचे ५,८५०, रिफंडेबल. संध्याकाळी आरशाला वेगळा लाकडी क्रेट लागतो म्हणून ३,४००, आणि मला उलट बरं वाटलं की आरशाची काळजी घेतायत! बुधवारी सिस्टिममध्ये रिफंड अडकलाय, ९,९९९ ची एंट्री पुन्हा मारली की सगळे एकदम परत येतील. मारली. तेही ऑफिसच्या जिन्यात उभं राहून, म्हणजे कुणी बघू नये. लपून पैसे पाठवायची वेळ आली की समजा गेले.

एकूण ३४,७४९. एकतीस हजारांच्या वस्तूला पावणेचार हजार जास्त दिले आणि वस्तू नाही. हा हिशोब अकाउंट्सवाल्याने केलाय.

दसऱ्याला शेजाऱ्यांची गाडी मागून, मागच्या सीटवर जुनी गोधडी, बांधायला दोरी, असं सगळं घेऊन कळंबोलीला गेलो. मुलगी पण बरोबर, नववीत आहे. दिलेल्या नंबरचा गाळा होता, त्यात टायर होते. वॉचमनला मी गेटपासचा पीडीएफ दाखवला तर तो म्हणाला, "तुम्ही या महिन्यातले तिसरे. आधीचा सोफ्यासाठी आला होता." परत येताना ऐरोलीच्या आसपास, मी गप्प गाडी चालवतोय आणि मुलगी माझ्या फोनवर चॅट वाचतीये, ती हळूच म्हणाली, "बाबा, पण हा शनी असा कसा? तूच म्हणाला होतास ना..." तिथे मला पहिल्यांदा दिसलं.

आता पोलीस. लाजेपायी मी दोन दिवस घालवले ही माझी चूक, मान्य. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन पहिल्या तासाभरात करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. लाज नंतर वाटून घ्या, आधी फोन लावा. मी शनिवारी लावला, तक्रार नंबर मिळाला, तोवर त्यांच्या खात्यात उरले होते २,१४० रुपये, ते होल्ड झाले म्हणे. होल्ड म्हणजे मला मिळाले असं नाही, त्याला तेव्हा कोर्टाची ऑर्डर लागायची. २,१४० साठी वकील किती घेईल?

जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "दुर्बीण? ती कशाला लागते? समोरच्या बिल्डिंगमध्ये बघायला?" दोघे हसले. मी म्हटलं शनी बघायला. तर म्हणे शनी मागे लागलाच की तुमच्या. परत हसले. अहो, ४८ वर्षांचा माणूस आहे मी, पासबुकाच्या प्रिंट घेऊन उभा आहे. मग हद्द. माणूस खारघरचा, गोडाऊन कळंबोलीचं, म्हणजे नवी मुंबईत जा. मी म्हटलं झिरो एफआयआर कुठेही घेता येतो, नव्या कायद्यात कलमच आहे तसं. "तुम्ही वकील आहात का?" नाही. "मग अर्ज लिहून ठेवा." तिकडे खाडीपलीकडे गेलो तर म्हणाले पैसे ठाण्यातून गेले ना, मग ठाण्यात. अर्धा दिवस रजा टाकून हे ऐकायला गेलो होतो. अर्जाची पोच मागितली तर शिक्का सापडेना, साहेब बंदोबस्ताला, शिक्का साहेबांच्या कपाटात. चार चकरा झाल्या त्या शिक्क्यासाठी, रिक्षा धरून ८४० रुपये, ते वरच्या बेरजेत नाहीत. शेवटी एका बऱ्या हवालदाराने आपला मोबाइल नंबर दिला आणि काही मिळालं तर यावर पाठवा म्हणाला.

बँक तर त्याहून वरताण. पिन तुम्हीच टाकलात ना? हो. मग आमचा काय संबंध? शाखेत म्हणतात कस्टमर केअरला बोला, कस्टमर केअर म्हणतं शाखेत जा, आणि मधे ती बाई मला नवीन क्रेडिट कार्ड विकत होती. पैसे घेणाऱ्याचं खातं पण कुठल्यातरी बँकेतच उघडलंय ना, केवायसी करून? आम्हाला पत्ता बदलायला चार कागद मागता, आणि त्याला?

जुनी दुर्बीण घ्यायचीच असेल तर ओळखीतल्या, ग्रुपबरोबर आकाशदर्शनाला येणाऱ्या माणसाकडून घ्या, तिथे कोण कुठला स्कोप विकतोय सगळ्यांना माहीत असतं. हे मला कुणीही सांगितलं असतं, पण मला घरी आणून सरप्राइज द्यायचं होतं. समोरच्याला व्हिडिओ कॉलवर फोकसर (फोकस जुळवायचा नॉब) फिरवून दाखवायला सांगा, नळीत टॉर्च मारून आरसा दाखवायला सांगा. आता नको, उद्या म्हणाला की विषय बंद. टोकन नावाची गोष्ट नाही, वस्तूवर हात ठेवल्याशिवाय एक रुपया नाही, मग डोंबिवलीवाला पन्नास हजार देवो. आणि ग्रहाचा फोटो पाठवला तर त्या तारखेला तो ग्रह कसा दिसतोय ते स्टेलॅरियम नावाच्या आकाशाच्या फुकटच्या ॲपमध्ये बघा. माझ्या फोनमध्ये ते ॲप होतं. आहे.

परवा तीच जाहिरात परत दिसली. तेच फोटो, मागे तोच हिरवा पडदा, लोकेशन आता ऐरोली, किंमत २८,५००. मुलीच्या फोनवरून मेसेज टाकला, कोलिमेशन आहे का?

"हो सर, बॉक्समध्ये आहे."

स्क्रीनशॉट हवालदारांच्या नंबरवर पाठवलाय. ब्लू टिक आल्यात, त्याला आज सहा दिवस झाले.