नऊ दिवस मी फक्त हात बघत होते

बाबांच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी या हॉस्पिटलात ९ दिवस राहिले. खोली, टीव्ही वगैरे ठीकच. मी बघत बसले ते स्टाफचे हात. रात्रपाळीच्या सिस्टर सलाईनला हात लावण्याआधी सॅनिटायझर घेऊन बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं सगळं चोळायच्या. पुरते २०-३० सेकंद, हात कोरडे होईपर्यंत. मग नळीचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने घासायचं, वाळू द्यायचं आणि मगच इंजेक्शन. घाई कितीही असो. शेजारच्या आजोबांना क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जंतूमुळे जुलाब लागले तेव्हा त्या साबण-पाण्याकडे वळल्या. त्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची कडक कवचातली सुप्त रूपं, सॅनिटायझरला दाद देत नाहीत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

दिवसपाळीचा ड्रेसर (जखमेची पट्टी बदलणारा) मात्र एक नंबरचा बेफिकीर. ग्लोव्हज घातलेल्या हातानेच खिशातून मोबाईल काढला, बोलला आणि तसाच जखमेकडे वळला! अडवलं तर म्हणतो, "ग्लोव्हज आहेत ना ताई." अहो, ते तुमच्यासाठी की बाबांसाठी? बदलले शेवटी, तोंड वाकडं करून; मध्ये हात धुतले नाहीतच. पाचपैकी साडेतीन तारे. त्या सिस्टर नसत्या तर दोनच दिले असते.