इंग्रजी 'गेट'चे (get) अर्थ: यादी पाठ करायची की वाक्य धरायचं?

जळगावला क्लासमधे मी 'गेट'चे वीसेक अर्थ वहीत लिहून पाठ केले होते, मिळणे, पोचणे, होणे, आणणे, समजणे... पेपरात चाललं पण बोलताना नेमका कोणता ते सुचायचंच नाही. त्यापेक्षा पुढचा शब्द बघायचा, 'गेट अ जॉब' म्हणजे मिळणे, 'गेट टू भुसावळ' मधे जागा आली म्हणून पोचणे, 'गेट टायर्ड' मधे अवस्था म्हणून होणे. आपलं 'लागणे' बघा ना, भूक लागली, शेवभाजी तिखट लागली, भुसावळ लागलं, हे कोणी यादीतून शिकलंय का? मला तर वाक्यंच पटतात, रोज दोन-तीन, मोठ्याने. फक्त 'गेट ओव्हर' (सावरणे), 'गेट अलाँग' (एकमेकांशी पटणे) असल्या जोड्या वेगळ्या लिहून ठेवा, त्या अंदाजाने नाही कळत.