फक्त गाठ काढावी की अख्खी किडनी?

पोटाची सोनोग्राफी भलत्याच कारणासाठी केली आणि किडनीवर साडेतीन सेंटिमीटरची गाठ सापडली, हे आता नेहमीचेच. सिटी स्कॅन झाला की प्रश्न उरतो: पार्शियल करून फक्त गाठ काढायची, की रॅडिकल करून किडनीच?

किडनीपुरत्याच असलेल्या गाठीचा टप्पा आकारावरून ठरतो: ४ सेंटिमीटरपर्यंत टी१ए, ७ पर्यंत टी१बी. पण ३.९ आणि ४.१ यांवर डोके शिणवण्यात अर्थ नाही. रक्तपुरवठा तोडून काढलेली गाठ पॅथॉलॉजीच्या टेबलावर स्कॅनपेक्षा काही मिलिमीटर लहान भरू शकते. ऑपरेशन अवघड होते ते जागेमुळे. बाहेर डोकावणारी साडेचारची गाठ सहज निघते, रक्तवाहिन्यांच्या देठाशी रुतलेली अडीचची घाम फोडते.

आकाराचा खरा उपयोग पॅथॉलॉजीचा अंदाज बांधायला. ४ च्या आतल्या काढलेल्या गाठींत साधारण पाचातली एक कॅन्सरची नसतेच. ७ च्या पुढे मात्र बहुतेक कॅन्सरच, आणि ग्रेडही (पेशींचा आक्रमकपणा) चढा. कॅन्सर नसलेल्या गाठींपैकी अँजिओमायोलायपोमा चरबी दिसली तर स्कॅनवर ओळखता येतो. ऑन्कोसायटोमा या दुसऱ्या साध्या गाठीचे तसे नाही. त्याच्या मधोमध दिसणारा व्रण कॅन्सरच्या गाठीतही दिसतो. पार्शियलकडे माझा कल ठरला तो या एका वैतागामुळे. अख्खी किडनी फॉर्मॅलिनच्या बरणीत जाते आणि मागाहून रिपोर्ट येतो, 'ऑन्कोसायटोमा'. घरच्यांना कॅन्सर नसल्याचे सांगायचे आणि त्याच दमात किडनी उगाच गेली हेही. आधी सुईची बायोप्सी करता येते, पण ती दर वेळी निकाल देतेच असे नाही.

त्यात आपल्याकडे, गोव्यात, साखर. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी आयसीएमआर-इंडियाब पाहणीत गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के निघाले, देशात सर्वाधिक. उरलेली किडनी या साखरेच्याच तोंडी जाणार. रॅडिकलनंतर रक्तातले क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.३ आले की सगळे निर्धास्त होतात. साठीच्या बाईला १.३ म्हणजे ईजीएफआर, किडनीच्या रक्त गाळण्याच्या वेगाचा अंदाज, पन्नासच्या खाली.

पार्शियल फुकट पडत नाही, हेही खरे. देठाला क्लॅम्प लावून साधारण २५ मिनिटांत गाठ कापायची, लघवीची पोकळी उघडली असेल तर ती शिवायची, मग किडनीला टाके. शिवण सुटली तर ड्रेनमधून, म्हणजे जखमेत ठेवलेल्या नळीतून, लघवी झिरपते. ड्रेनच्या पाण्याचे क्रिएटिनिन रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त आले की ओळखावे. बहुधा डीजे स्टेंटवर (किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत बसवलेली बारीक नळी) भागते. दुसरे संकट घरी गेल्यावर, आठ-पंधरा दिवसांनी येऊ शकते: आतल्या धमनीला फुगा येऊन अचानक लालभडक लघवी. काणकोण-सत्तरीसारख्या लांबच्या तालुक्यांतल्या माणसाने सकाळची वाट पाहू नये. एम्बोलायझेशन (रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून रक्तस्राव आतूनच बंद करणे) होते तिथेच थेट जावे, म्हणून ते ठिकाण डिस्चार्जआधीच विचारून ठेवावे.

गाठ ७ च्या पुढची, अगदी मध्यात, किंवा शिरेत शिरलेली असेल तर बहुधा रॅडिकलच बरे. वय झालेले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आणि दुसरी किडनी ठणठणीत असेल, तरीही मी रॅडिकलला नावे ठेवणार नाही. ५ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींवर युरोपात झालेल्या ५४१ रुग्णांच्या चाचणीत (२०११) पार्शियलवाले जास्त जगले असे दिसले नाही; किडनीचे काम मात्र त्यांचे चांगले टिकले.

बाकी ४ च्या आत, आणि जागा बरी असेल तर ७ पर्यंतही, रॅडिकल सुचवले गेले तर एवढे विचारावे: पार्शियल का नको? 'गाठ देठाशी आहे' हे उत्तर पटण्यासारखे. 'गाठ मोठी आहे' एवढेच सांगितले, तर स्कॅनची सीडी घेऊन दुसऱ्या यूरोलॉजिस्टकडे जावे.