मॅनिफोल्डच्या पॅकिंगमध्ये पुठ्ठा: जुन्या ट्रकचं इंजिन करायला टाकण्याआधी हे वाचा

फुल इंजिन करायला टाकलं, म्हणजे पूर्ण उघडून नव्याने बांधायला दिलं, की मालक गॅरेजात बसून काय बघतो? लायनर-पिस्टन कुठल्या कंपनीचे आले, रिंगा बरोबर चढल्या का, बेअरिंग कुठलं टाकलं, हेड गॅस्केट नवं आहे का. मीही हे सगळं डोळ्यांदेखत बघितलं, आणि त्यात काही खोट नव्हती. फसवणूक झाली ती इनलेट मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळीच्या, जोडावर, जिथे थोडक्या रुपयांचं पॅकिंग आणि लेथवाल्याकडचं साधं फेसिंग (जोडाची बाजू मशीनवर सपाट करणं) एवढंच काम असतं. तेवढं वाचवण्यापायी नवे लायनर एका गळीत हंगामात संपले.

गाडी जुनी टाटाची. इंजिन ६९७, टर्बो नसलेलं: सहा सिलिंडर, ९७ चा बोअर, १२८ चा स्ट्रोक, ५६७५ सीसी. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ऊस वाहायचा, म्हणजे गाडी फडात घालायची, पाणंदीतून बाहेर काढायची, पुढच्या गाडीची धूळ खात कारखान्याच्या रांगेत उभं राहायचं. हंगामाच्या आधी इंजिन करून घेतलं, कारण भरलेला ऊस गाडीवर वाळला की वजन घटतं आणि ऊसतोड टोळीला दिलेली उचल अडकून पडते.

गॅरेज हायवेला, नाव मोठं. काम ठोक ठरलं, सामान मालकाचं, सगळं मिळून खर्च दीड लाखाच्या घरात. मिस्त्री म्हणाला, "मालक, काळजी करू नगासा. हंगाम संपेपर्यंत इंजिनकडं बघावं लागलं तर मला विचारा." पक्कं बिल देत नव्हता, तेव्हा मी आग्रह धरून चिठ्ठीवर एकेक बाब लिहून सही घेतली. त्यात दोन ओळी होत्या: "फुल पॅकिंग सेट, जेन्युइन" आणि "मॅनिफोल्ड फेसिंग". सेटचं होलोग्राम असलेलं खोकंही टेबलावर होतं. ते रिकामं होतं, पण सामान इंजिनात गेल्यावर खोकं रिकामं असणारच, यात संशय घेण्यासारखं काय? मॅनिफोल्डला चांदीसारखा चमकता अ‍ॅल्युमिनियमचा रंग मारलेला. नव्या रंगाखाली जोड कसा बसवलाय, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. रंगाचा खरा उपयोग तोच होता.

सुरुवातीला गाडी उत्तम चालली. पिकअप चांगला, धूर नाही, कुठे ऑइलचा थेंब नाही. मग हळूहळू डिपस्टिकवर ऑइल कमी दिसायला लागलं. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या हवा सोडायच्या नळीतून, वाफ यायला लागली, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन: सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली गळतोय. सकाळी सेल्फ जास्त मारावा लागे, आणि चढाला निळा धूर. मिस्त्रीकडे गेलं की दर वेळी नवं कारण. आधी म्हणाला, ऑइल लोकल भरलंय, बदला. बदललं. मग म्हणाला, डिझेलचं नोजल मारतंय, डिझेल पंप उतरवा. पंपवाल्याचं बिल भरलं. मग म्हणाला, रिंगा बसायला वेळ लागतो. यातली एकेक गोष्ट ऐकायला खरी वाटते, कारण एकेक गोष्ट कधी ना कधी खरी असतेच. तेवढ्यात हंगाम संपला, आणि त्याच्याबरोबर त्याची बोलीही संपली.

इथे इंजिनाची थोडी गोष्ट समजून घ्या, म्हणजे ही फसवणूक का पचते ते कळेल. ५६७५ सीसीचं इंजिन दोन हजार आरपीएमला फिरतं तेव्हा मिनिटाला पाच हजार लिटरच्या आसपास हवा आत ओढतं. ही सगळी हवा एअर क्लीनरमधून यायला हवी. मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या जोडात केसाएवढी फट राहिली, तर तिथून थेट बाहेरची हवा आत जाते, धुळीसकट. टर्बो नसलेल्या इंजिनात त्या जागी कायम आतल्या बाजूला ओढ असते, म्हणून बाहेर काहीच येत नाही. ऑइल गळत नाही, काजळी दिसत नाही, आवाज येत नाही. पेट्रोल गाडीत अशी फट असेल तर आयडलिंग वरखाली होतं आणि मेकॅनिकला लगेच कळतं, कारण तिथे हवेचं आणि पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. आमच्या डिझेल इंजिनाला फुकटची हवा मिळाली तरी ते बिनतक्रार चालतं. टर्बोवाल्या गाडीत मॅनिफोल्ड लीक असेल तर उलट दाबाची हवा बाहेर पडते, लोड घेताना शिट्टी वाजते, काळा धूर येतो, म्हणजे निदान कळतं तरी. जुन्या साध्या इंजिनात कळतं ते लायनर खाऊन झाल्यावर.

धुळीतले बारीक कण म्हणजे गारगोटीचीच भुकटी, लोखंडापेक्षा कठीण. लायनर आणि रिंगा यांच्यामधली ऑइलची फिल्म काही मायक्रॉनची असते. तेवढ्याच जाडीचे कण त्यात शिरले की पॉलिश पेपर लावल्यासारखं घासायला लागतं. आणि रिंगांवरून खाली उतरलेली धूळ ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जाते, ते वेगळंच.

शेवटी मी गाडी कोल्हापूरला उद्यमनगरात एका जुन्या जाणत्या कारागिराकडे नेली. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही मामाच म्हणतो. त्यांनी पाना उचलायच्या आधी एअर क्लीनरनंतरचा होज काढला आणि आतून पांढरं फडकं फिरवलं. फडकं स्वच्छ. म्हणाले, "क्लीनर काम करतोय. क्लीनर सोडून दुसरीकडनं येतंय." होज परत लावला, इंजिन आयडलला ठेवलं आणि एअर क्लीनरच्या तोंडावर लाकडी फळी दाबून धरली. जोड घट्ट असतील तर हवा बंद होताच इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. माझं चालूच राहिलं, अडखळत, पण चालू. (घरी करणाऱ्यांसाठी: तिथे हात कधीही लावू नका, फळीच लावा आणि लगेच काढा, नाहीतर होज आतल्या आत दबतो. आणि लीक शोधायला डिझेल इंजिनावर इथरचा फवारा तर अजिबात मारू नका.)

मॅनिफोल्डचे नट सोडण्याआधी मामा म्हणाले, "मालक, आधी फोटो काढा. मग मी हात लावतो. नंतर म्हणतील, मामानं बिघडवलं." त्यांनी अडवलं नसतं तर पुढे माझ्याकडे काहीच पुरावा उरला नसता.

मॅनिफोल्ड उतरलं आणि हेडच्या बाजूला चिकटलेलं पॅकिंग नखानं सुटलं. ते पॅकिंग नव्हतंच. खोक्याचा पुठ्ठा, हातोडीने ठोकून कापलेला. एका कडेला निळी छपाई होती, त्यातली दोन अक्षरं वाचता येत होती. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन फासलेलं, आणि ते दाबून आत आलेलं, पोर्टच्या, म्हणजे हेडमधल्या हवेच्या भोकाच्या, तोंडात लोंबत होतं. त्यातला एक तुकडा तुटून व्हॉल्व्हपर्यंत गेलेला. पाचव्या आणि सहाव्या पोर्टच्या मधल्या जागी सिलिकॉनवर एक पिवळट रेघ होती, बाहेरच्या कडेपासून थेट पोर्टपर्यंत. मामांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. पाणंदीची माती. "ह्यो बघा रस्ता. इथनं हंगामभर माती आत गेली."

फेसिंगचं सांगायचं तर फ्लँजवर जुना गंज आणि जुन्या पॅकिंगचे डाग तसेच होते. मशीनवर फेस मारला असता तर ताज्या कापाच्या रेघा दिसल्या असत्या, डाग नव्हे. सरळपट्टी लावली तर शेवटच्या पोर्टखालून चार थाऊची, म्हणजे ०.१० मिलिमीटरची, फट मोजायची पाती आरपार गेली. एक स्टड आटे गेलेला होता आणि त्याचा नट नुसता रंगाने चिकटला होता.

हेड उघडलं. पाचव्या आणि सहाव्या लायनरला वरच्या रिंगेच्या जागी नख अडेल एवढी पायरी पडली होती. पहिल्या-दुसऱ्याला जेमतेम. ही गोष्ट लक्षात ठेवा: ऑइल खराब असतं किंवा क्लीनरच गळत असता, तर सगळे लायनर साधारण सारखे घासले असते. फटीजवळचेच लायनर जास्त गेले, म्हणजे माती तिथूनच आली. मिस्त्रीचं ऑइलचं कारण या एका गोष्टीने खोटं ठरतं.

मामांनी काम कसं केलं तेही सांगतो, कारण तुमच्या मिस्त्रीकडून हेच करून घ्यायचं आहे. पोर्टांत फडकी कोंबली आणि किती ते खडूने भिंतीवर लिहिलं, म्हणजे एकही आत राहायला नको. फेस पितळी पट्टीने खरवडला; ग्राइंडरची चकती हेडजवळ येऊ दिली नाही, कारण तिची भुकटी म्हणजे पुन्हा धूळच. मॅनिफोल्ड लेथवाल्याकडे पाठवून सगळे पोर्ट एकाच सेटिंगमध्ये फेस करून घेतले. एकेक पोर्ट वेगळा घासला तर कमी-जास्त होतात आणि नवं पॅकिंगही तिथे बसत नाही. हेडच्या बाजूलाही सरळपट्टी लावली, ही गोष्ट बरेच जण विसरतात. स्टडचे आटे टॅपने साफ केले, गेलेला स्टड बदलला. पॅकिंग कंपनीचं, कोरडं. मी सिलिकॉनचं विचारलं तर म्हणाले, "फेस सरळ असला तर त्याचं काय काम? आणि फेस वाकडा असला तर सिलिकॉन किती दिवस धरणार?" नट मधून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने. इंजिन गरम करून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा. मग होजला कॉम्प्रेसरची अगदी हलकी हवा देऊन सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. एकही बुडबुडा नाही. फळीची चाचणी पुन्हा केली. इंजिन लगेच बंद पडलं.

तर इंजिन टाकताना मिस्त्रीला आधीच सांगा, "मॅनिफोल्ड मी आल्याशिवाय बसवायचं नाही, आणि त्याला रंग लावायचा नाही." खरा मिस्त्री याला हरकत घेत नाही. पॅकिंग सेटचं खोकं तुमच्यासमोर फोडून घ्या आणि इनलेट मॅनिफोल्डचं पॅकिंग हातात घेऊन बघा. फेसिंगचे पैसे लेथवाल्याच्या चिठ्ठीवरच द्या, मिस्त्रीच्या तोंडी हिशेबावर नको. जुनं सगळं सामान, जुन्या पॅकिंगसकट, पोत्यात भरून घरी न्या.

मी फोटो आणि पुठ्ठा घेऊन त्या गॅरेजात गेलो तर उत्तर मिळालं, "जुन्या गाडीचं असंच असतं." म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. ट्रक धंद्याचा आहे, तुम्ही ग्राहक होत नाही, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलंय की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून विकत घेऊन स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी कामात धरत नाहीत. स्वतः गाडी चालवून घर चालवणाऱ्याला हा मुद्दा मांडता येतो. त्याच कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे, तेव्हा "पक्कं बिल मिळणार नाही" हे वाक्यसुद्धा तुमच्या बाजूचा मुद्दा आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. आधी फोनवर सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. सोबत जोडायला मामांनी काय उघडलं आणि काय सापडलं ते तारखेसह लिहून सही करून दिलं आहे. तुम्हीही दुसऱ्या मिस्त्रीकडून हे लिहून घ्या, आणि ते इंजिन पुन्हा जोडायच्या आधी घ्या.