खांद्याच्या मज्जातंतूंची प्रतिकृती: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवण्यासाठी मी ही प्लास्टिकची प्रतिकृती घेतली, त्याला आठ महिने झाले. हाडे, सुटे होणारे स्नायू आणि मणक्यातून निघणाऱ्या सी-५ ते टी-१ या मज्जातंतूंच्या मुळांपासून तयार होणारे ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे, एवढे तिच्यात आहे.

तिची सर्वांत जमेची बाजू म्हणजे ॲक्सिलरी नर्व्ह (नर्व्ह म्हणजे मज्जातंतू). खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू बाजूला केला की ती दंडाच्या हाडाच्या मानेला मागून वळसा घालताना दिसते, टेरिस मायनर या स्नायूकडे जाणारी तिची फांदीही दिसते आणि खांदा निखळल्यावर दंडाच्या बाहेरच्या बाजूच्या त्वचेची संवेदना का तपासायची, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

सुप्रास्कॅप्युलर नर्व्हच्या बाबतीत मात्र निराशा झाली. स्कॅप्युलाच्या (खांद्याच्या फऱ्याच्या हाडाच्या) वरच्या काठावरची खाच आहे, पण तिच्यावरचा लिगामेंट (अस्थिबंध) नाही, आणि रक्तवाहिनी व नर्व्ह दोन्ही त्याच खाचेतून नेल्या आहेत. प्रत्यक्षात नर्व्ह लिगामेंटखालून जाते आणि रक्तवाहिनी बहुधा वरून. या खाचेत नर्व्ह दबली तर सुप्रास्पायनेटस आणि इन्फ्रास्पायनेटस हे फऱ्यावरचे दोन्ही स्नायू दुबळे होतात, पुढे स्कॅप्युलाच्या स्पाइनला (त्या हाडावरच्या उंचवट्याला) वळसा घालताना दबली तर फक्त इन्फ्रास्पायनेटस. हा फरक या प्रतिकृतीवर समजावताच येत नाही, कारण तो वळसाच तिच्यात नाही. ‘नस दबली’ असे रुग्ण म्हणतो तेव्हा ‘कुठे?’ हाच तर आपला प्रश्न असतो.

सांध्याकडे जाणाऱ्या फांद्या तर एकही दाखवलेली नाही. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हिल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेला नियम असा, की सांधा हलवणाऱ्या स्नायूंना जी नर्व्ह पुरवठा करते, तीच सांध्यालाही करते. खांद्याला तो चपखल लागू पडतो: सुप्रास्कॅप्युलर, ॲक्सिलरी आणि छातीच्या स्नायूला जाणारी लॅटरल पेक्टोरल या तिन्ही नर्व्हच्या फांद्या सांध्याच्या आवरणात पोहोचतात. आखडलेल्या खांद्याच्या वेदनेसाठी सुप्रास्कॅप्युलर नर्व्ह बधिर करतात ती याच आधारावर, आणि नेमके हेच शिकवताना प्रतिकृती बाजूला ठेवून मला फळ्याकडे वळावे लागे.

टिकाऊपणा बरा आहे. सबस्कॅप्युलॅरिस हा स्नायू जागेवर धरणारे चुंबक सहाव्या महिन्यात सैल झाले आणि प्लेक्ससवरचा पिवळा रंग, मुलांची बोटे सतत तिथेच फिरत असल्याने, उडाला. स्नायूंचा पुरवठा शिकण्यापुरती प्रतिकृती घ्यायला हरकत नाही. सांध्याच्या तिन्ही फांद्या मी आता पिवळ्या दोऱ्याने चिकटवल्या आहेत. लॅटरल पेक्टोरलचा दोरा अधूनमधून सुटतो.